नोकरी आणि कट्टा एकाच संकेतस्थळावर: पुनर्रचनेची सुरुवात कोठून करावी?

कोरापान

नमस्कार. मी पुण्यातील एका छोट्या संस्थेत डिझाइनचे काम पाहते. आमचे स्त्रियांसाठीचे एक संकेतस्थळ आणि ॲप आहे. त्याच्या एका भागात नोकऱ्यांच्या जाहिराती असतात आणि दुसऱ्या भागात कट्टा आहे, जेथे सभासद एकमेकींना पगाराविषयी, घर सांभाळून करायच्या कामाविषयी, वरिष्ठांच्या वागण्याविषयी विचारतात. हे दोन भाग वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांकडून बांधून घेतले गेले आणि आजही एका वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांसारखे ते आपापले नांदत आहेत. आता व्यवस्थापनाने पुनर्रचनेसाठी चार महिने दिले आहेत. पहिल्या बैठकीत मात्र बहुतेक वेळ रंग, बोधचिन्ह आणि मुखपृष्ठावरचे छायाचित्र यांवरच गेला. आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करत आहोत असे मला तीव्रतेने वाटते, म्हणून येथे लिहीत आहे.

गेल्या महिन्यात मी आठ सभासदांच्या घरी गेले आणि त्या ॲप कसे वापरतात ते शेजारी बसून पाहिले. त्यातली चिंचवडची एक भेट मनाला लागून राहिली आहे. या ताई भोसरीतल्या एका कारखान्यात सात वर्षे हिशेबाचे काम करत होत्या. २०१६ मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांनी नोकरी सोडली. आता त्यांना पुन्हा काम हवे आहे. नाव, गाव, शिक्षण त्यांनी भराभर भरले. मग ‘सध्याचे पद’ हा रकाना आला. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांनी ‘गृहिणी’ असे लिहिले, थोडा वेळ त्याकडे पाहिले आणि एकेक अक्षर खोडले. मग ‘काही नाही’ असे लिहून पुढचे बटण दाबले. आमच्या रचनेत या रकान्यातला मजकूर सभासदाच्या नावाखाली ठळक अक्षरांत येतो, त्यामुळे पुढच्याच पानावर त्यांचे छायाचित्र, त्यांचे पूर्ण नाव आणि त्याखाली ‘काही नाही’ एवढेच शब्द आले. त्या काहीच बोलल्या नाहीत. फोन पालथा ठेवून चहा टाकायला उठल्या.

दुसरी गोष्ट अशी की नोकऱ्यांचा भाग जवळजवळ ओस पडला आहे आणि कट्टा मात्र गजबजलेला असतो. ‘हिंजवडीच्या बाजूला दुपारी चारला सुटणारी नोकरी कोणाला माहीत आहे का?’ असा प्रश्न कट्ट्यावर येतो, त्याला उत्तरेही येतात. पण तशी जाहिरात शेजारच्याच भागात आहे याचा पत्ता विचारणारीलाही नसतो आणि उत्तर देणारीलाही नसतो. म्हणून आमच्याकडे असा विचार चालला आहे की दोन्ही भाग पूर्णपणे एक करावेत: एकच नाव, एकच माहितीचे पान, एकच शोध. ते योग्य होईल का? आणि चार महिन्यांत सगळे होणे शक्य नसेल तर पहिला हात कशाला घालावा?

निळीशाई

कोरापान, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्ही चिंचवडहूनच आणले आहे. पहिला हात त्या फॉर्मला घाला. मुखपृष्ठ कितीही देखणे केले तरी दुसऱ्या मिनिटाला जर बाईच्या नावाखाली ‘काही नाही’ येणार असेल तर ते सगळे काम पाण्यात गेले असे समजा.

नोकरीच्या संकेतस्थळांवरचा फॉर्म हा मुळात अशा माणसासाठी आखलेला असतो ज्याची एक नोकरी सुटते तेव्हा दुसरी हातात असते. सध्याचे पद, सध्याचा पगार, राजीनाम्याची मुदत, अशा क्रमाने तो विचारत जातो आणि ज्या बाईची नऊ वर्षे घरात गेली तिला प्रत्येक पायरीवर आपण कमी आहोत असे वाटायला लावतो. लिंक्डइनसारख्या मोठ्या संकेतस्थळावरही करिअरमधील खंड ही वेगळी नोंद म्हणून दाखवण्याची सोय २०२२ मध्ये आली; तोपर्यंत तो काळ एक तर रिकामा सोडायचा किंवा काहीतरी पद रचून भरायचा, एवढेच दोन मार्ग होते. तुमच्याकडे तर बहुसंख्य सभासद खंड घेतलेल्याच असणार. तेव्हा तुमचा फॉर्म त्यांच्यापासून सुरू झाला पाहिजे, आणि सलग नोकरी करणारीला त्यात दोन जादा रकाने भरावे लागले तरी चालतील.

माझी सूचना अशी की पहिला प्रश्न ‘तुम्ही काय आहात’ हा नसावा, ‘तुम्हाला कोणते काम येते’ हा असावा. आणि त्याच्या उत्तरासाठी नुसता रिकामा रकाना देऊ नका, कारण रिकाम्या रकान्यासमोर बायका स्वतःविषयी फार कमी लिहितात. मी एकदा डबे पुरवणाऱ्या एका ताईंशी बोलत होते. ‘मला स्वयंपाकाशिवाय काही येत नाही’ असे त्या म्हणाल्या, आणि पुढच्या अर्ध्या तासात कळले की किराण्याची घाऊक खरेदी, दोन मदतनिसांचा पगार, चाळीस डब्यांची उधारी आणि महिनाअखेरचा हिशेब हे सगळे त्या एका वहीत एकहाती सांभाळतात. फॉर्मने त्यांना ‘खरेदी कोण करते? हिशेब कोण ठेवते? माणसे कोण नेमते?’ असे साध्या भाषेत विचारले असते तर त्यांचे पान आपोआप भरले असते. सोसायटीचे हिशेब, भिशी, शाळेच्या पालक संघाची कामे, आजारी माणसाची वर्षानुवर्षांची शुश्रूषा, ही कामे विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

वैवाहिक स्थिती, मुलांची संख्या आणि वय हे रकाने असतील तर ते आजच काढून टाका. ‘सभासदांना योग्य नोकऱ्या सुचवता येतील’ असे त्यांचे समर्थन केले जाते, ते मला मान्य नाही. वेळ आणि अंतर यांची अट बाईला स्वतःला घालता आली पाहिजे. ती का घातली हे सांगण्याची सक्ती तिच्यावर नको. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे तत्त्वही हेच आहे की ज्या कामासाठी संमती घेतली त्याला आवश्यक तेवढीच माहिती मागावी.

याच्या उलट, मालकांकडून मात्र अधिक माहिती मागा. जाहिरातीत कामाची सुरू होण्याची आणि सुटण्याची नेमकी वेळ, जवळचे बसस्थानक किंवा रेल्वे स्थानक, आठवड्यातून किती दिवस घरून काम करता येईल, पाळणाघर आहे की नाही, हे सक्तीचे करा. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. तरीही जाहिरातीत त्याचा उल्लेख क्वचितच दिसतो. तुमच्या फॉर्मने तो प्रश्न मालकाला विचारला, आणि उत्तर न देणाऱ्याच्या जाहिरातीखाली ‘पाळणाघराची माहिती दिलेली नाही’ असे सरळ छापले, तर शोधणारीला एक फोन करण्याचा संकोच वाचेल.

पारावरची

निळीशाई यांच्या प्रत्येक सूचनेशी मी सहमत आहे, पण मूळ प्रश्नातल्या एका गोष्टीविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. कोरापान, एकच नाव आणि एकच माहितीचे पान हा विचार कृपया थांबवा. खाते एक असू द्या. चेहरे दोन असलेच पाहिजेत.

मी अनेक वर्षे स्त्रियांच्या एका समूहाच्या संकेतस्थळावर देखरेखीचे काम केले. तेथेही पुनर्रचनेत नोकरीचे पान आणि चर्चेतले नाव एकत्र केले गेले, कारण ते दिसायला सुटसुटीत होते. काही आठवड्यांनी एका सभासदेने चर्चेत विचारले की तिला तिसरा महिना आहे, बढतीची मुलाखत पुढच्या पंधरवड्यात आहे, तर ही गोष्ट आताच सांगावी की निकालानंतर. तिला फार चांगली उत्तरे मिळाली. पण ती ज्या कंपनीत होती त्या कंपनीतली भरतीचे काम पाहणारी व्यक्तीही त्याच संकेतस्थळावर खाते उघडून होती आणि उमेदवाराच्या नावावर बोट ठेवले की तिची सारी चर्चा खाली उघडत होती. पुढे काय झाले ते तिने मला फोनवर सांगितले. ते येथे लिहीत नाही. मी तो धागा दहा मिनिटांत काढला, पण वाचणाऱ्याने तो आधीच वाचला होता. रचना मंजूर झाली त्या बैठकीत मी हजर होते आणि माझ्या लक्षात ही गोष्ट आली नव्हती, याची बोच अजून जात नाही.

बाई मालकासमोर जे बोलते आणि मैत्रिणींसमोर जे बोलते त्यात खोटेपणा नसतो. माजघर आणि ओसरी यांच्यामध्ये दार असते ते त्याचसाठी. म्हणून कट्ट्यावर टोपणनाव हीच मूळ स्थिती असावी. खरे नाव दाखवायचे असेल तर तिने ते स्वतः निवडावे. नोंदणी करतानाच टोपणनावाचा रकाना आला पाहिजे. मागाहून ‘सेटिंग’मध्ये जाऊन बदलता येते असे सांगून भागत नाही, कारण तेथवर कोणी जात नाही. मालकांच्या खात्यांना कट्ट्याचा शोधच नसावा. आणि गूगलसारख्या शोधयंत्रांना कट्ट्याची कोणती दालने दिसतील हे आधी ठरवा. पाककृती आणि परीक्षेची तयारी दिसली तर उत्तमच, पण छळ, आजारपण, घटस्फोट यांविषयीच्या चर्चा दाराबाहेर जाता कामा नयेत.

टोपणनाव दिले की भांडणे आणि भामटे दोन्ही वाढतात, हे मला माहीत आहे. भांडणांचे मला फारसे भय वाटत नाही. ती जाणत्या मॉडरेटरला आवरता येतात. भामट्यांचे वाटते. ‘घरबसल्या टायपिंग करा’ असे सांगून आधी नोंदणी शुल्क घ्यायचे, मग चुका दाखवून कराराच्या भंगाची नोटीस पाठवायची, ही फसवणूक काम शोधणाऱ्या बायकांना नेमकी गाठते. तेव्हा कट्ट्यावर कोणीही पैसे मागणारी जाहिरात टाकली तर ती प्रसिद्ध होण्याआधी माणसाच्या नजरेखालून गेली पाहिजे, आणि प्रत्येक चर्चेखाली तक्रारीचे बटण तीन ठिपक्यांच्या आड न लपवता शब्दांत लिहिलेले असले पाहिजे. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांकही तेथेच द्या. तक्रारीची पोच २४ तासांत देण्याचे बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी घातले आहे. पण रात्री अकराला फसलेल्या बाईला सकाळपर्यंत थांबणे जड जाते, म्हणून निदान ‘तुमची तक्रार पोहोचली, ती अमुक वेळेपर्यंत पाहिली जाईल’ एवढे वाक्य लगेच दिसू द्या.

आणखी एक गोष्ट डिझाइनच्या बैठकीत सहसा कोणी काढत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्याचे १६ वे कलम तक्रारीचा मजकूर आणि त्यातल्या व्यक्तींची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. अंतर्गत समितीकडे तक्रार केलेली बाई कट्ट्यावर मन मोकळे करायला येते आणि भरात नावे लिहून जाते. ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबण्यापूर्वी तिला शांतपणे, धमकीचा सूर न लावता, आठवण करून देणारी एक ओळ असावी: ‘कंपनीचे किंवा व्यक्तीचे नाव लिहिले असल्यास ते काढून मगच पाठवा, तुमच्या तक्रारीच्या हिताचे ते आहे.’ अशी ओळ लिहायला कोणता विभाग जबाबदार, असा प्रश्न आमच्याकडे सहा महिने फिरत होता. तुम्ही ती पहिल्याच आठवड्यात लिहून टाका.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा. ॲप बनवतो, आणि गेली काही वर्षे बचत गटांसाठीची कामे करत आहे. वरची चर्चा वाचून दोन मुद्दे जोडावेसे वाटले.

पहिला मुद्दा फोन कोणाचा आहे याचा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरायचा मोबाइल फोन असल्याचे सांगितले होते आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या. तेव्हापासून चित्र पुष्कळ बदलले असेल, पण आमच्या गटांमध्ये आजही अनेकींचे ॲप उघडते ते मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर. अशा घरात ओटीपी हा मोठा अडसर असतो. कागलची एक ताई आमच्यासमोर नोंदणी करत होती. ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर, नवरा पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला, आणि ओटीपीची मुदत दहा मिनिटांची. तिने तीन वेळा मागवला, चौथ्या वेळी खाते चोवीस तासांसाठी बंद झाले. आम्ही नंतर नुसते पाहण्यासाठी नोंदणीची अट काढली, आणि अर्ज किंवा प्रश्न पाठवण्याच्या क्षणीच ओटीपी मागू लागलो. तेवढ्याने बराच फरक पडला.

याच फोनवर सूचनाही येतात. पारावरची ताईंनी दाराचे सांगितले, पण कुलूप लावलेल्या फोनच्या पडद्यावर ‘घटस्फोटानंतरची नोकरी या चर्चेत तुम्हाला नवे उत्तर आले आहे’ अशी ओळ झळकली तर ते दार असून नसल्यासारखे आहे. सूचनेत चर्चेचे नाव नकोच. ‘एक नवे उत्तर आले आहे’ एवढे पुरे. ॲपचे नाव आणि चिन्हही शक्य तितके साधे असावे.

दुसरा मुद्दा भाषेचा. मराठी आवृत्ती म्हणून इंग्रजी बटणांचे भाषांतर करून आणले जाते आणि मग ‘प्रोफाइल अद्ययावत करा’, ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ असली वाक्ये बायकांसमोर येतात. आम्ही गटातल्या ताईंनाच विचारून शब्द ठेवले: ‘माझी माहिती’, ‘अर्ज पाठवा’, ‘मागे जा’, ‘हा आकडा चुकला, पुन्हा लिहा’. फोन, ओटीपी, फोटो, लॉगिन हे शब्द तसेच राहू द्यावेत. ते आता मराठीच झाले आहेत. अक्षरांचीही काळजी घ्या. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात देवनागरी बसवली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात, आणि ‘र्‍य’सारखी जोडाक्षरे बारीक अक्षरांत ओळखू येत नाहीत. ओळींमधले अंतर वाढवावेच लागते. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली तर नोटो किंवा मुक्तासारखे फाँट पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श दाखवू शकतात. ती नोंद हिंदी राहिली तर हिंदी वळणाची अक्षरे येतात. शाळेत शिकलेले अक्षर समोर दिसले की माणूस न अडखळता वाचतो. बटणे आणि मजकूर फिक्या राखाडी रंगात ठेवण्याची पद्धत आहे, तीही सोडा. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर निदान साडेचारास एक हवे, आणि उन्हात शेतावर उभ्या असलेल्या बाईला तेवढेही कमी पडते.

जाता जाता एक. संकेतस्थळाच्या नावातच ‘करिअर’ असेल तर त्याचा अर्थ पगारी नोकरी एवढाच धरू नका. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा आणि त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांचा सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचा वाटा, २०१७–१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३–२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. पण त्या वाढीचा मोठा वाटा ग्रामीण भागातला आणि स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यातला आहे. पापड, मसाले, शिवण, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बाईला तुमच्याकडे कोणता दरवाजा आहे?

सातपूर

मी नाशिकला एका मध्यम आकाराच्या कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळते, म्हणजे येथे ज्यांच्यापासून जपायचे ठरते आहे त्यांच्यापैकी मी एक आहे. तरीही लिहिते, कारण दुसरी बाजू समोर आली नाही तर रचना एकांगी होईल.

पारावरची यांनी सांगितलेला प्रसंग वाचून मला अतिशय वाईट वाटले आणि मालकांच्या खात्यांना कट्ट्याचा शोध नसावा हे मला पूर्ण मान्य आहे. पण दोन्ही भागांमध्ये पक्की भिंत घातली तर तुमच्या सभासदांचे नुकसान होईल. खंड घेतलेल्या उमेदवाराचा अर्ज माझ्या टेबलावर येतो तेव्हा त्यात नऊ वर्षांपूर्वीचा अनुभव असतो आणि आजची काहीच खूण नसते. मला तिला बोलवायचे असते, पण वरिष्ठांना सांगायला माझ्या हातात काही हवे ना? तीच बाई कट्ट्यावर कोणाला तरी भविष्य निर्वाह निधीचा दावा कसा करायचा किंवा ताळेबंदातली तफावत कशी शोधायची हे दहा ओळींत स्वच्छ समजावून सांगत असेल, तर ते उत्तर माझ्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राहून अधिक मोलाचे आहे. ते मला कधीच दिसणार नसेल तर तिच्या आजच्या कर्तबगारीचा एकमेव पुरावा तुम्ही कुलपात ठेवला असे होईल.

शिवाय टोपणनावाच्या मागे खरी व्यक्ती आहे याची खात्री संस्थेने तरी केलेली असावी. आम्ही जाहिरात देतो तेव्हा आमचा जीएसटी क्रमांक, पत्ता, सगळे तपासले जाते आणि ते योग्यच आहे. दोन्ही बाजूंना विश्वास वाटला तरच व्यवहार होईल.

कोरापान

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस मी हीच चर्चा डोक्यात घेऊन वावरत होते.

पारावरची ताई, एकच पान करण्याचा विचार मी सोडला. सातपूर, तुमच्या मुद्द्याला मात्र भिंत पाडूनच उत्तर द्यावे लागेल असे मला वाटत नाही; दाराची कडी आतल्या बाजूला, सभासदाच्या हातात असली की झाले. कट्ट्यावर लिहिलेल्या स्वतःच्या उत्तराखाली तिला ‘हे माझ्या कामाच्या पानावर ठेवा’ असे बटण दिसेल. ते दाबले की त्या एका उत्तराची प्रत तिच्या खऱ्या नावाने कामाच्या पानावर जाईल, मूळ चर्चेचा दुवा मात्र जाणार नाही, म्हणजे मालकाला तिच्या टोपणनावापर्यंत उलट्या वाटेने येता येणार नाही. ती प्रत तिला हवी तेव्हा काढता येईल. प्रत आणि मूळ उत्तर शब्दशः एकच असेल तर शोधून जुळवता येईल, अशी शंका आमच्या तंत्रज्ञाने लगेच काढली, आणि ती रास्त आहे. म्हणून प्रत पाठवण्याआधी तिला मजकूर बदलायला सांगावे, आणि नाजूक दालनांमध्ये हे बटण देऊच नये, असे आम्ही तूर्त ठरवले आहे.

उलट दिशेची वाट मोकळीच ठेवणार आहोत. कट्ट्यावर कोणी ‘दुपारी चारला सुटणारी नोकरी’ असे विचारले की त्या चर्चेच्या खाली जुळणाऱ्या जाहिराती दिसतील. त्यात कोणाचीच ओळख उघड होत नाही.

पंचगंगाकाठ, तुमचा शेवटचा प्रश्न मी बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवला. ‘पुढच्या टप्प्यात’ असे उत्तर मिळाले. माझे त्याने समाधान झालेले नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले तेव्हा शिवण, परिचर्या यांचे शिक्षण आणि बायकांनी एकत्र येण्याची जागा एकाच छपराखाली होती. आम्ही त्याच शहरात बसून पगारी नोकरीपलीकडचे काम दुसऱ्या टप्प्यावर ढकलतो आहोत, हे मी पुन्हा मांडणार आहे. ओटीपी आणि सूचनांच्या मजकुराचे दोन्ही बदल मात्र याच आठवड्यात हाती घेतले. त्यांना पुनर्रचनेची वाट पाहण्याची गरजच नव्हती.

एक विचारायचे राहिले. नवी रचना एकदम आणावी की थोडी थोडी? आणि बरी झाली की नाही हे कशावरून ठरवावे? व्यवस्थापन सध्या फक्त नोंदणीचा आकडा पाहते.

निळीशाई

थोडी थोडी. कट्ट्यावर रोज येणाऱ्या सभासदांची बोटे सवयीने चालतात. एका रात्रीत सगळे हलवले तर ज्यांच्या जिवावर कट्टा उभा आहे त्याच आधी तुटतील. फॉर्म पहिला, मग दोन नावांची सोय, मग जाहिरातींची नवी माहिती, आणि मुखपृष्ठ सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्याआधी कागदावर पाने काढून चार-पाच जणींना दाखवा. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडले होते की पाच जणांसोबत केलेल्या एका फेरीत वापरातल्या बहुतेक अडचणी बाहेर येतात. माझ्या अनुभवात हे खरे ठरते, मात्र एका अटीवर: त्या पाचही जणी एकाच प्रकारच्या असाव्यात. तुम्हाला चिंचवडच्या पाच आणि कागलच्या पाच अशा निदान दोन फेऱ्या लागतील.

नोंदणीचा आकडा पाहू द्या, पण त्याच्या शेजारी दोन आकडे मांडा. नव्या सभासदेच्या पहिल्या प्रश्नाला पहिले उपयोगी उत्तर किती तासांत आले, आणि फॉर्म अर्धवट सोडणाऱ्या कोणत्या रकान्यावर थांबल्या. दुसरा आकडा तर तुमच्याकडे आजही नोंदलेला असेल. ‘सध्याचे पद’ या रकान्यासमोर काय दिसते ते काढून बैठकीत ठेवा. रंगांची चर्चा आपोआप मागे पडेल.

कोरापान

तो आकडा काढला आणि काल बैठकीत ठेवला. तो येथे देता येणार नाही, पण फॉर्मला पहिला महिना मिळाला आहे.

आज सकाळी मी कागदावरची पाने घेऊन पुन्हा चिंचवडला गेले होते. पहिला प्रश्न ‘तुम्हाला कोणते काम येते?’ आणि त्याखाली निळीशाई यांनी सुचवले तसे साधे प्रश्न. ताईंनी पेन्सिल घेतली आणि टॅली, पगारपत्रक, बँकेचा ताळमेळ, विक्रीकराची विवरणपत्रे असे एकाखाली एक लिहीत गेल्या. सासूबाईंच्या औषधांचे आणि मेडिक्लेमचे सगळे कागद आपणच सांभाळले, हेही त्यांनी स्वतःहून जोडले. मग थांबून म्हणाल्या, ‘मी सोडली तेव्हा व्हॅट होता. आता जीएसटी आहे. ते मला येत नाही, हे कोठे लिहायचे?’ माझ्या कागदावर त्यासाठी जागा नव्हती. मी तेथेच समासात एक चौकोन काढला आणि त्यावर ‘मला हे शिकायचे आहे’ असे लिहिले. त्यांनी त्यात जीएसटी लिहिले. हा चौकोन भरला की तो कट्ट्यावरचा पहिला प्रश्न म्हणून टोपणनावाने जावा, असे आता मनात आहे.

टोपणनावाचा रकाना मात्र त्यांनी रिकामा ठेवला. ‘आजवर कधी दुसरे नाव घेतले नाही, विचार करून सांगते’ असे म्हणाल्या. कागद त्यांच्याकडेच ठेवून आले आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा जाईन.